माल, बिल आणि वर्ष : विक्री-उत्पन्नाच्या नोंदीच्या अभ्यासाची प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात आर्थिक वर्ष संपते तेव्हा शेतीचा हंगाम ऐन भरात असतो. जूनच्या सुमारास लावलेली हळद फेब्रुवारीपासून काढणीला येते. ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि मग वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारात न्यायची. मार्चमध्ये आवक वाढू लागते आणि उन्हाळाभर चालू राहते. उसाचे गाळपही याच सुमारास आटोपत आलेले असते आणि कारखान्यांची गोदामे साखरेच्या पोत्यांनी भरलेली असतात. या सगळ्या धावपळीच्या मधोमध ३१ मार्च येतो.

त्या दिवशी प्रत्येक संस्थेला एक निर्णय घ्यावा लागतो. मोंढ्यात सौदा झाला, पण वजन व्हायचे आहे. वजन झाले, पण गाडी भरायची आहे. गाडी निघाली, पण घेणाऱ्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल यायचा आहे. माल अजून गोदामातच आहे, पण पैसे मात्र खात्यात जमा झाले आहेत. यांतली कोणती विक्री या वर्षाची आणि कोणती पुढच्या? सीए मंडळी ज्याला ‘रेव्हेन्यू रेकग्निशन’ म्हणतात तो विषय या एका प्रश्नातून उभा राहतो. विक्रीचे उत्पन्न केव्हा, किती आणि कोणाचे म्हणून वहीत घ्यायचे हे लेखा मानके सांगतात. ती पाळली गेली की नाही हे तपासून लेखापरीक्षक आपले मत देतो. या मानकांमुळे कंपनीची कामगिरी बदलते का, बदलत असेल तर कशी, आणि याबद्दल लेखापरीक्षकांचे काय म्हणणे आहे, हा आता जगभर अभ्यासला जाणारा विषय आहे. त्याच्या दारापर्यंत वाचकांना घेऊन जावे, एवढ्यासाठी हे लेखन.

हा विषय फक्त हिशेबनिसांचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. तुम्ही एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद असाल, तर या विषयाशी तुमचा थेट संबंध आहे. उत्पादक कंपनीच्या कायद्यात एक वेगळी सोय आहे. सभासदाने घातलेल्या मालाचे सगळे मोल लगेच न देता काही भाग राखून ठेवता येतो आणि तो पुढे रोख, वस्तू किंवा भागांच्या रूपाने देता येतो. शिवाय वर्षाअखेर शिल्लक उरली, तर ज्याने जितका माल घातला त्या प्रमाणात बोनस वाटता येतो. आता मार्चअखेर न झालेली विक्री झाली असे दाखवले, तर बोनस कशातून वाटला जाईल? आणि झालेली विक्री पुढच्या वर्षावर ढकलली, तर यंदा हळद घालून पुढच्या वर्षी बाहेर पडणाऱ्या सभासदाच्या वाट्याचे काय? नोंदीचा दिवस एका आठवड्याने सरकला तरी एकाच्या घामाचे दाम दुसऱ्याच्या पदरात पडू शकतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. संत नामदेवांचे नर्सी आणि औंढ्याचे ज्योतिर्लिंग यांमुळे महाराष्ट्र या भागाला ओळखतो. अलीकडे औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची लायगो प्रयोगशाळा येणार म्हणून विज्ञानाचे जगही ओळखू लागले आहे. पण जिल्ह्याचा रोजचा व्यवहार हळद, सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि ऊस यांवर चालतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही मंजूर झाले आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांची मुख्यालये इथे नाहीत. इथे आहेत त्या अडती, सहकारी कारखाने, पतसंस्था, परभणी जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखा आणि गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या उत्पादक कंपन्या. या विषयावरचे बहुतेक लेखन मुंबई-पुण्याच्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून झालेले असते. माझे म्हणणे असे की या विषयाचे अवघड प्रश्न हिंगोलीच्या बाजारात अधिक उघडपणे दिसतात. म्हणून सुरुवात इथून करावी.

मानकांचा इतिहास लांब नाही. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने १९८५ मध्ये लेखा मानक ९ काढले. त्याचे सूत्र सोपे आहे: मालाच्या मालकीतली मुख्य जोखीम आणि लाभ घेणाऱ्याकडे गेले, आणि पैसे मिळण्याबद्दल मोठी अनिश्चितता उरली नाही, की विक्री धरावी. जगात मात्र वेगवेगळ्या उद्योगांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या होत्या. त्या एका रस्त्यावर आणण्यासाठी मे २०१४ मध्ये आयएफआरएस १५ हे आंतरराष्ट्रीय मानक आले, आणि त्याच वेळी अमेरिकेतही जवळजवळ तसेच मानक लागू करायचे ठरले. त्यावर बेतलेले इंड एएस ११५ हे भारतीय मानक आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून अमलात आले. त्यात पाच प्रश्न ओळीने विचारले जातात. करार कोणाशी आहे? त्यात कोणकोणती वचने दिली आहेत? एकूण मोबदला किती? तो त्या वचनांत कसा वाटायचा? आणि कोणते वचन केव्हा पुरे झाले? जोखमीच्या जागी इथे ‘ताबा’ आला. मालाचा वापर आणि लाभ कोणाच्या हातात गेला, हे पाहायचे. शेअर बाजारातल्या बहुतेक कंपन्या आणि २५० कोटी रुपये किंवा अधिक नक्त मूल्य असलेल्या कंपन्या इंड एएसच्या कक्षेत येतात. त्याखालच्या कंपन्यांना मानक ९ लागू राहते. सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यामुळे इंड एएसचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यांच्या हिशेबाला सहकार कायद्याची चौकट आणि लेखापाल संस्थेची जुनी मानके असतात. म्हणजे हिंगोलीत ज्याला काम करायचे आहे त्याने मानक ९ नीट वाचले तर त्याचे बरेचसे काम होते. ते जेमतेम काही पानांचे आहे.

आता मोंढ्यात जाऊ. शेतकरी हळद आणतो, अडत्याच्या दुकानापुढे ढीग लागतो, खरेदीदार बोली लावतात, वजन होते, पट्टी निघते. त्या पट्टीवरची पूर्ण रक्कम अडत्याची विक्री का? मानक ९ चे उत्तर स्पष्ट आहे: दुसऱ्याच्या वतीने केलेल्या व्यवहारात उत्पन्न फक्त कमिशनचे. हळद शेतकऱ्याची, भाव उतरला तर फटका शेतकऱ्याला, अडत्याने केवळ व्यवहार जुळवून दिला. म्हणून त्याचे उत्पन्न म्हणजे त्याची अडत. पण त्याच अडत्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने पंचवीस क्विंटल माल घेऊन भाव वाढण्याची वाट पाहत ठेवला, तर त्या मालाची सगळी विक्री त्याची. एकाच दुकानात, एकाच वहीत दोन्ही प्रकारचे व्यवहार असतात आणि ते वेगळे काढणे हे ऑडिटरचे पहिले काम होऊन बसते.

हाच प्रश्न उत्पादक कंपन्यांपुढे हमीभाव खरेदीच्या वेळी उभा राहतो. नाफेडसाठी सोयाबीन किंवा तूर खरेदी करणारे केंद्र कंपनी चालवते. माल नाफेडचा, पैसा नाफेडचा, कंपनीला मिळते ते कमिशन आणि खर्चाची भरपाई. तरीही हिशेबात सगळी खरेदी-विक्री दाखवण्याचा मोह होतो, कारण उलाढाल मोठी दिसली की बँक आणि अनुदान देणारे खाते दोघेही वेगळ्या नजरेने पाहतात. वाचकांनी इथे थोडे थांबावे. निव्वळ नफा दोन्ही पद्धतींत एकच येतो. बदलतात ती गुणोत्तरे. कोट्यवधींच्या उलाढालीवर दोन टक्के नफा कमावणारी संस्था आणि थोड्या कमिशनवर चाळीस टक्के शिल्लक टाकणारी संस्था, ही एकाच संस्थेची दोन चित्रे असू शकतात. मानक कामगिरी ‘बदलते’ म्हणजे काय, याचा याहून सोपा दाखला मला माहीत नाही.

मराठी वाचकाला दाभोळचा वीज प्रकल्प आठवत असेल, म्हणजे एन्रॉनही आठवत असणार. त्या कंपनीने २००० साली सुमारे १०० अब्ज डॉलरचे उत्पन्न जाहीर केले. आदल्या वर्षी ते सुमारे ४० अब्ज होते. या उडीमागे मोठा हात होता तो वीज-वायूच्या सौद्यांची संपूर्ण रक्कम स्वतःचे उत्पन्न म्हणून मांडण्याच्या पद्धतीचा. ज्या सौद्यात कंपनीचा वाटा थोडा, त्याचीही पूर्ण किंमत उलाढालीत जात होती. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या यादीत तिने वरचे स्थान मिळवले आणि २००१ च्या डिसेंबरात ती दिवाळखोरीत गेली. हिंगोलीच्या अडत्याला मानक ९ जे सांगते, तेच ह्यूस्टनच्या एन्रॉनला सांगायला हवे होते.

दुसरा प्रश्न गोदामाचा, आणि माझ्या मते तो सर्वांत समृद्ध आहे. हळद टिकाऊ माल आहे. भाव पडला की शेतकरी आणि कंपनी दोघेही तो ठेवून देतात. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या ठरावीक हिश्श्याइतके कर्ज घ्यायचे. पैसे हातात आले, माल आपल्या दारातून गेला. विक्रीची सगळी बाह्य लक्षणे दिसतात. तरी ती विक्री नाही. तारण ठेवलेला माल मालकाचाच आहे आणि आलेला पैसा कर्ज आहे. एखाद्या व्यापाऱ्याला माल विकून काही महिन्यांनी ठरलेल्या भावाने परत घेण्याचा करार असेल, तर तोही अशाच कर्जाचा प्रकार. मानक ९ च्या परिशिष्टात अशा व्यवहाराचे नाव घेऊन सांगितले आहे की हा पैसा उत्पन्न नव्हे.

उलट बाजूही आहे. घेणाऱ्याने पैसे दिले, बिल स्वीकारले आणि ‘माल तूर्त तुमच्याच गोदामात राहू द्या’ असे सांगितले, तर माल हलला नाही म्हणून विक्री नाही असे म्हणता येत नाही. मात्र अटी आहेत. तो माल हजर असला पाहिजे, वेगळा ओळखता आला पाहिजे आणि उचलण्यास तयार असला पाहिजे. इंड एएस ११५ आणखी पुढे जाते: ठेवून घेण्याला खरे कारण हवे, आणि विकणाऱ्याला तो माल दुसऱ्याकडे वळवण्याची मुभा नको. साखर कारखान्यात हे रोजचे आहे. निविदा निघते, व्यापारी दर भरतो, रक्कम जमा करतो आणि साखर ठरलेल्या मुदतीत उचलतो. ३१ मार्चला पैसे भरून न उचललेली पोती कोणाची? गोदामात हजारो पोत्यांची थप्पी एकसारखी आहे. व्यापाऱ्याची पाचशे पोती त्यात वेगळी काढून ठेवली आहेत का? नसतील, तर बहुधा तो पैसा आगाऊ जमा म्हणून देण्यांत दाखवावा लागतो.

साखरेला आणखी एक पीळ आहे. जून २०१८ पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याने महिन्याला किती साखर विकावी याचा कोटा ठरवते आणि किमान विक्री दरही ठरवते. उसाची रास्त व उचित किंमत मात्र १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत द्यावी लागते. खर्च गाळपाच्या दिवशी उभा राहतो, उत्पन्न पुढच्या वर्षभर हप्त्याहप्त्याने येते. मार्चअखेरची साखर खर्चाच्या किंवा विकून सुटणाऱ्या किमतीच्या, जी कमी असेल त्या दराने साठ्यात धरली जाते. भाव वाढतील या आशेचा नफा त्या ताळेबंदात येत नाही. त्यामुळे भरघोस गाळपाचे वर्षही कागदावर फिके दिसू शकते, आणि गाळप घटलेल्या पुढच्या वर्षी आदल्या साखरेच्या विक्रीने आकडे खुलतात. वार्षिक सभेत ‘यंदा ऊस जास्त गाळला, मग नफा कुठे गेला?’ असा प्रश्न उठतो तेव्हा उत्तर पुष्कळदा गोदामात असते. वसमतच्या पूर्णा कारखान्यासारख्या सहकारी संस्थेचा अहवाल आणि बेळगावच्या श्री रेणुका शुगर्ससारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल शेजारी ठेवून वाचला, तर एकच साखर दोन वेगळ्या मानकांच्या चौकटीत कशी मांडली जाते हे विद्यार्थ्याला एका बैठकीत कळेल.

तिसरा प्रश्न भाव पक्का नसण्याचा. मसाला कंपनीशी करार करताना हळदीचा दर अनेकदा ओलावा आणि करक्युमिनच्या प्रमाणावर ठरतो. निर्यातीत कीटकनाशकांचे अंश जास्त निघाले तर अख्खा माल परत येण्याची भीती असते. गाडी मार्चमध्ये गेली, अहवाल एप्रिलमध्ये येणार. मानक ९ म्हणते, मोबदल्याची रक्कम वाजवी खात्रीने ठरवता येत नसेल तर थांबा. इंड एएस ११५ म्हणते, अनुभवावरून अंदाज करा, पण पुढे मोठी रक्कम मागे घ्यावी लागणार नाही याची दाट शक्यता असेल तेवढीच धरा. दुसरी वाट अधिक खरी आहे, पण ती मागच्या काही हंगामांचा नीट ठेवलेला तपशील मागते, आणि लहान कंपनीकडे तोच नसतो.

व्याजाच्या उत्पन्नावर इथे फार थांबत नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचे स्वतंत्र नियम आहेत. कर्ज अनुत्पादक झाले की व्याज प्रत्यक्ष वसूल झाल्यावरच उत्पन्नात घ्यायचे, आणि पीक कर्जाची थकबाकी महिन्यांऐवजी पीक हंगामांवर मोजायची. सहकारी बँकिंगचा अभ्यास करणाऱ्यांनी तो धागा वेगळा धरावा. बांधकाम व्यवसायाचा मात्र उल्लेख केला पाहिजे, कारण मानक बदलल्याने आकडे किती हलतात हे तिथे सर्वांना दिसले. पूर्वी इमारत जसजशी चढे तसतसे उत्पन्न धरले जाई. २०१२ च्या मार्गदर्शक टिपणात त्यासाठी किमान पंचवीस टक्के बांधकाम खर्च झालेला असावा, पंचवीस टक्के क्षेत्र विकलेले असावे आणि करारातल्या रकमेपैकी दहा टक्के वसूल झालेले असावेत, अशा अटी होत्या. इंड एएस ११५ आल्यावर अनेक विकसकांना घर तयार होऊन ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत थांबावे लागले. एप्रिल २०१८ मध्ये आधी दाखवलेला नफा राखीव निधीतून उलटा करावा लागला. एक वीटही कमी लागली नव्हती, एकही ग्राहक गेला नव्हता.

मग कामगिरी खरोखर बदलली का? या क्षेत्रातला मध्यवर्ती वाद हाच आहे. एक पक्ष म्हणतो, मानक फक्त आरसा बदलते. माल, ग्राहक, रोकड जिथल्या तिथे राहतात. दुसरा पक्ष म्हणतो, आरशात पाहूनच माणसे पुढची पावले टाकतात. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. छापलेल्या नफ्यावर लाभांश ठरतो, बोनस ठरतो, बँकेची कर्जमर्यादा ठरते, व्यवस्थापकाची बढती ठरते, पुढच्या हंगामात किती हळद घ्यायची ते ठरते. शिवाय मानक कडक झाले की कंपन्या करारच वेगळे लिहू लागतात: माल परत घेण्याची अट गळते, ताबा देण्याची जागा बदलते, तपासणीचा अहवाल लवकर मागितला जातो. मोजण्याची पद्धत बदलली आणि तिच्यामागोमाग वागणेही बदलले.

आता लेखापरीक्षकांकडे येऊ. कंपनीविषयी मत देणारे पुष्कळ असतात: बँकर, दलाल, सभासद, पत्रकार. ते सगळे छापलेला आकडा पाहतात. संस्थेने सुरुवातीला पुढे केलेला आकडा आणि चर्चेनंतर छापला गेलेला आकडा, हे दोन्ही पाहिलेला बाहेरचा माणूस मात्र फक्त लेखापरीक्षक. मार्चच्या शेवटच्या दिवशी फाडलेली, पण एप्रिलच्या काटा पावतीशी जुळणारी बिले त्याने वगळायला लावलेली असतात. वगळलेली ती रक्कम कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही, कुठल्याही आकडेवारीत येत नाही. मानकाचा खरा परिणाम तिथे घडलेला असतो. म्हणून या विषयात लेखापरीक्षकांच्या मताला साक्षीचे मोल आहे, आणि म्हणूनच संशोधक त्यांच्या मागे प्रश्नावल्या घेऊन फिरतात.

त्यांच्या कामाची रीतही वाचकांनी समजून घ्यावी. लेखापरीक्षणाचे मानक २४० सांगते की विक्रीच्या उत्पन्नात फसवणुकीचा धोका आहे असे गृहीत धरूनच सुरुवात करा. तसा धोका नाही असे वाटत असेल, तर त्याची कारणे लिहून ठेवा. हिशेबाच्या इतर कोणत्याही सदराकडे इतक्या उघड संशयाने पाहायला हे मानक सांगत नाही. त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या १९८७ ते १९९७ या काळातल्या आर्थिक फसवणुकींचा कोसो समितीने १९९९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून अधिक प्रकरणांत उत्पन्न फुगवलेले आढळले. आपल्याकडे ७ जानेवारी २००९ च्या पत्रात सत्यमच्या अध्यक्षांनी कबूल केले की एका तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी दाखवले, खरे २,११२ कोटी होते. म्हणून लेखापरीक्षक मार्चअखेरची आणि एप्रिलच्या सुरुवातीची बिले काढतो. गेट पास, काटा पावती, बिल्टी आणि ई-वे बिल यांच्या तारखा जुळवतो. एप्रिल-मेमधल्या क्रेडिट नोटा पाहतो, कारण मार्चची खोटी विक्री पुष्कळदा त्या वाटेने परत येते. आणि येणेकऱ्यांना थेट पत्र पाठवून शिल्लक विचारतो.

या मंडळींची मते एका सुरातली नाहीत. मोठ्या कंपन्यांचे ऑडिट करणारे साधारणपणे सांगतात की नव्या मानकाने करार वाचण्याची शिस्त आणली. पूर्वी जो कागद फक्त वकील वाचत होता तो आता हिशेब विभागालाही वाचावा लागतो. त्याच दमात ते हेही सांगतात की अंदाजांचे क्षेत्र वाढले आणि अंदाज तपासणे बिल तपासण्यापेक्षा कठीण. सॉफ्टवेअरच्या ठरावीक किमतीच्या कंत्राटात काम किती टक्के पुरे झाले, हे शेवटी अभियंत्याच्या म्हणण्यावर येऊन ठेपते. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. त्यांना मानक अपुरे वाटत नाही, कागद अपुरे वाटतात: तोंडी सौदे, हंगामात एकाच माणसावर पडलेला हिशेबाचा भार, गोदामाची न जुळणारी नोंदवही. सहकारी संस्थेच्या ऑडिटरला तर आपले काम संपल्यावर संस्थेकडून येणाऱ्या दोष दुरुस्ती अहवालाची वाटही पाहावी लागते. मला ही दुसरी साक्ष फार मोलाची वाटते, आणि संशोधनात तीच सर्वांत कमी ऐकू येते.

साक्ष कितीही मोलाची असली तरी ती उलटतपासणीशिवाय स्वीकारू नये. या विषयावरचे पुष्कळसे अभ्यास ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच खणांच्या प्रश्नावलीवर उभे असतात. मानकांमुळे कंपनीची कामगिरी सुधारते का, असे ऑडिटरला विचारले तर तो बहुधा सहमतच होणार. मानकावर त्याचे शिक्षण झाले आहे, त्याच्या व्यवसायाची प्रतिष्ठा त्यावर आहे आणि त्याची फीही. असा लेख हातात आला की तुम्ही चार गोष्टी शोधा: उत्तर देणारे कोणत्या आकाराच्या संस्थांचे ऑडिट करतात, त्यांच्या डोळ्यांपुढे जुने मानक आहे की नवे, ‘कामगिरी’ म्हणजे नफा, गुणोत्तर, रोकड की शेअरचा भाव, आणि मताच्या जोडीला एखादा तरी ताळेबंद तपासला आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर तो लेख ऑडिटरांच्या मनाविषयी काही सांगतो, कंपन्यांविषयी नाही. तेही ज्ञानच आहे, फक्त त्याची जागा ओळखून वाचावे.

नव्याने येणाऱ्यांनी कुठल्या क्रमाने वाचावे, हेही सांगतो. आधी मानक ९, परिशिष्टासह. त्यातले एक कलम तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखे आहे, कारण काढणी झालेल्या पिकाला सरकारी हमी किंवा पक्का बाजार असेल तर काय करावे, याची चर्चा त्यात येते. मग इंड एएस ११५ ची उदाहरणे. मूळ कलमे नंतर वाचली तरी चालतात. त्यानंतर शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन ऑडिटरच्या अहवालातल्या ‘प्रमुख लेखापरीक्षण बाबी’ वाचाव्यात. विक्रीच्या उत्पन्नाचा मुद्दा तिथे वारंवार भेटतो, आणि ऑडिटरने त्यासाठी नेमके काय केले तेही त्याच्याच शब्दांत असते. संशोधनपर लेखांकडे सर्वांत शेवटी वळावे. इंग्रजीचा बाऊ करू नये. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारी उभी राहत होती तेव्हा प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ काम करत होता. शेतकऱ्याची संस्था आणि विद्यापीठी अभ्यास यांची गाठ आपल्याकडे पूर्वीच पडलेली आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत वाणिज्य शाखेचे जे विद्यार्थी शोधनिबंधासाठी विषय धुंडाळत असतील, त्यांच्यासाठी इथे भरपूर मोकळे रान आहे. उत्पादक कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून मिळतात. सहकारी कारखान्यांचे अहवाल वार्षिक सभेच्या वेळी सभासदांच्या घरी येतात आणि बहुतेक घरांत सापडतात. एका कंपनीची सलग काही वर्षे घ्या. मार्चअखेरची हळदीची विक्री, येणी आणि साठा एका ओळीत मांडा; पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याच येण्यांपैकी किती वसूल झाली आणि किती बुडीत धरली ते त्याखाली लिहा. खरेदी-विक्रीची रक्कम पूर्ण दाखवली आहे की कमिशनपुरती, हे टिपणांत शोधा. एवढे हातात घेऊन मग ऑडिटरांकडे जा. अशिलाची माहिती उघड करण्यास त्यांना मनाई आहे, तेव्हा नावे विचारू नका. हंगामाच्या मध्यावर वर्ष संपणाऱ्या संस्थेत आकडा कुठल्या कारणाने सर्वाधिक वेळा बदलावा लागतो, एवढे विचारा. आणि ते बोलू लागले की प्रश्नावली बाजूला ठेवून ऐका.